मिश्र किरणोत्सर्गात टीएलडीची ‘सहाशे-सातशे’ वजाबाकी वारंवार चुकते तेव्हा

गॅमा आणि न्यूट्रॉन एकत्र असतील अशा जागी लिथियम फ्लोराइडच्या दोन टीएलडी चिपा (मिळालेल्या किरणोत्सर्गाच्या प्रमाणात, तापवल्यावर प्रकाश देणारे मात्रामापक) शेजारीशेजारी ठेवायच्या आणि त्यांच्या वाचनांतल्या फरकावरून न्यूट्रॉनचा वाटा काढायचा, ही पद्धत जुनी आहे आणि आजही सर्रास वापरली जाते. टीएलडी-६०० या चिपेतील लिथियमपैकी सुमारे ९५.६ टक्के लिथियम-६ असते, त्यामुळे ती गॅमा आणि मंद न्यूट्रॉन अशा दोहोंना प्रतिसाद देते. टीएलडी-७०० मध्ये जवळपास सगळे लिथियम-७ असल्याने ती मुख्यतः गॅमालाच प्रतिसाद देते. पहिलीतून दुसरी वजा केली की न्यूट्रॉनचा संकेत उरायला हवा. प्रत्यक्षात मात्र पुढील तक्रार पुन्हापुन्हा उद्भवते: काही जोड्यांत फरक ऋण येतो, काहींत अपेक्षेच्या दुप्पट येतो. रीडरची, म्हणजे चिप तापवून तिचा प्रकाश मोजणाऱ्या यंत्राची, स्वतःची तपासणी निर्दोष दिसते आणि कॅलिब्रेशनही ताजे असते. संशयास्पद चिपा बदलल्या की दोन-तीन फेऱ्या सगळे सुरळीत चालते आणि मग तोच दोष पुन्हा डोके वर काढतो.

या दोषाचा पाठपुरावा मी बराच काळ केला आहे. माझ्या अनुभवात मूळ कारण क्वचितच रीडरमध्ये असते, आणि स्फटिक ‘म्हातारा झाला’ हे निदान तर बहुतेक वेळा घाईचे ठरते. आपण ज्या दोन चिपांना जोडी म्हणतो, त्यांचा तापवण्याचा आणि किरणोत्सर्गाचा पूर्वेतिहास एकसारखा उरलेला नसतो आणि वजाबाकी तो फरक न्यूट्रॉनच्या खात्यावर टाकते, असेच बहुतेकदा आढळते. म्हणून तपास आकड्यावरून सुरू न करता ग्लो कर्व्हवरून, म्हणजे तापमान वाढत असताना निघणाऱ्या प्रकाशाच्या आलेखावरून, सुरू करावा असा माझा आग्रह आहे.

आधी वजाबाकीचे गणित डोळ्यांसमोर ठेवणे आवश्यक आहे, कारण दोष नसतानाही ते दोषासारखे भासू शकते. समजा सहाशेचे वाचन ५.२ एकक आणि सातशेचे ५.० एकक आले आणि प्रत्येकाची अनिश्चितता ३ टक्के आहे. फरक ०.२ येतो, पण त्याची अनिश्चितता सुमारे ०.२२ असते. अशा दहा जोड्यांपैकी एक-दोन जोड्यांत ऋण फरक आला, तर त्यात नवल नाही आणि बिघाडही नाही. हीच वाचने ६.० आणि ५.० असती, तर फरक १.० आणि अनिश्चितता सुमारे ०.२३ झाली असती, आणि त्या आकड्याला काही अर्थ आला असता. गॅमाचा वाटा जितका मोठा, तितकी न्यूट्रॉनच्या वाट्यावरील पकड सैल होते. त्यामुळे ऋण आकडे शून्याभोवती दोन्ही बाजूंना विखुरलेले आहेत की ठरावीक जोड्यांतच पुन्हापुन्हा येतात, हे जुन्या नोंदींवरून प्रथम पाहावे. पुढील सगळा तपास दुसऱ्या प्रकारासाठी आहे.

सर्वांत साधे कारण सर्वांत उशिरा सुचते. सहाशे आणि सातशेच्या चिपा दिसायला अगदी एकसारख्या असतात. ३.२ मिलिमीटर लांबी-रुंदी आणि ०.८९ मिलिमीटर जाडी असलेले ते पांढुरके, अर्धपारदर्शक तुकडे ट्रेमधून धारकात आणि धारकातून ट्रेमध्ये जाताना एकदा जरी अदलाबदल झाले, तरी ती जोडी त्यानंतर कायम ऋण फरक देत राहते. शुद्ध गॅमाच्या कॅलिब्रेशनमध्ये ही चूक दिसतच नाही, कारण गॅमाला दोन्ही चिपा जवळपास सारखाच प्रतिसाद देतात. एखाद्या जोडीचा ऋण फरक शेजारच्या जोड्यांच्या धन फरकाएवढाच असेल, तर अन्य काहीही करण्याआधी त्या जोडीला मंदावलेल्या न्यूट्रॉनची छोटी मात्रा द्यावी आणि कोणती चिप उजळते ते पाहावे. लिथियम-६ कोठे आहे हे लगेच कळते.

अदलाबदल नसेल, तर संपूर्ण संच शुद्ध गॅमाच्या कसोटीला लावावा. सीझियम-१३७ च्या स्रोताने सर्व जोड्यांना एकाच वेळी आणि एकाच अंतरावर एक मिलिग्रे मात्रा द्यावी, चिपांवर इलेक्ट्रॉन-संतुलनापुरते प्लास्टिकचे आवरण ठेवावे, आणि वाचनांतून नेहमीच्याच रीतीने ‘न्यूट्रॉन मात्रा’ काढावी. उत्तर सांख्यिकीय विखुरणीच्या मर्यादेत शून्य यायला हवे. ते तसे आले नाही, तर न्यूट्रॉनचा विचार त्या दिवसापुरता बाजूला ठेवावा, कारण दोष गॅमाच्या बाजूलाच आहे. पुष्कळदा तो वैयक्तिक संवेदनशीलता-गुणकांत सापडतो: संपूर्ण सहाशे तुकडीला एक आणि संपूर्ण सातशे तुकडीला एक असा सरासरी गुणक लावलेला असतो, किंवा दोन्ही तुकड्यांच्या गॅमा-संवेदनशीलतेचे गुणोत्तर १ धरलेले असते. हे गुणोत्तर १.०४ असताना १ धरले, तर ५ एकक गॅमामागे ०.२ एकक ‘न्यूट्रॉन’ हवेतून निर्माण होतात. गुणक प्रत्येक चिपेचा वेगळा हवा, आणि तो ज्या अ‍ॅनिलिंग (चिप ठरावीक तापमानाला तापवून कोरी करण्याच्या) पद्धतीने काढला त्याच पद्धतीपुरता ग्राह्य मानावा.

अ‍ॅनिलिंगचा विषय इथे येतोच, आणि त्यावर थोडे थांबणे भाग आहे. मॅग्नेशियम आणि टायटॅनियम मिसळलेल्या लिथियम फ्लोराइडसाठी रूढ पद्धत म्हणजे ४०० अंश सेल्सिअसला एक तास आणि त्यानंतर १०० अंशांना दोन तास. ही दोन तापमाने सर्वांना पाठ असतात. त्या दोहोंच्या मधला काळ मात्र कोणी नोंदवत नाही. ४०० अंशांवरून चिप किती वेगाने थंड होते, यावर मॅग्नेशियमशी निगडित दोषकेंद्रांची मांडणी ठरते, आणि त्या मांडणीवर मुख्य शिखराची, म्हणजे साधारण २०० ते २१० अंशांच्या आसपास दिसणाऱ्या पाचव्या शिखराची, उंची ठरते. ट्रे भट्टीतून काढून एका दिवशी धातूच्या थंड ठोकळ्यावर ठेवला आणि दुसऱ्या दिवशी भट्टीचे दार उघडून तिथेच निवू दिला, तर एकाच चिपेच्या दोन संवेदनशीलता मिळतात. माझ्या कामात या दोषाचा उलगडा एका साध्या निरीक्षणातून झाला होता. ट्रेच्या कडेच्या ओळीत सातशेच्या चिपा आणि मधल्या ओळींत सहाशेच्या चिपा ठेवण्याची पद्धत पडलेली होती. कडेच्या चिपा आधी निवत आणि मधल्या मागून. दोन्ही प्रकार एकाआड एक मांडायला सुरुवात केल्यावर शुद्ध गॅमाच्या कसोटीतील कायमचा धन कल नाहीसा झाला. रीडरचे काहीही बदललेले नव्हते.

टेफ्लॉनमध्ये बसवलेल्या चिपांची कार्डे वापरणाऱ्यांची अडचण वेगळी आहे. टेफ्लॉन ४०० अंश सहन करू शकत नसल्याने ती कार्डे भट्टीत जात नाहीत. रीडरमध्येच ३०० अंशांच्या आसपासपर्यंत तापवून ती ‘कोरी’ केली असे मानले जाते. गॅमासाठी हे बहुधा पुरते, न्यूट्रॉनसाठी मात्र अनेकदा पुरत नाही. लिथियम-६ चे केंद्रक मंद न्यूट्रॉन शोषते, तेव्हा अल्फा कण आणि ट्रिटॉन मिळून ४.७८ दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा काही मायक्रोमीटर ते काही दशक मायक्रोमीटर एवढ्या तोकड्या मार्गावर सोडली जाते. इतक्या दाट आयनीभवनात मुख्य शिखराच्या पुढची, २५० ते ३०० अंश आणि त्याहून वरची, शिखरे तुलनेने अधिक भरतात. ३०० अंशांवर थांबलेला रीडर या शिखरांमागचे खोल सापळे, म्हणजे स्फटिकात इलेक्ट्रॉन अडकून बसणाऱ्या जागा, अर्धवटच रिकामे करतो आणि उरलेला संकेत पुढच्या फेरीत उगवतो. मागच्या महिन्याची न्यूट्रॉन मात्रा या महिन्याच्या सहाशेच्या वाचनात शिरते, तर सातशेमध्ये तसे काही घडत नाही. ‘चिपा बदलल्यावर दोन-तीन फेऱ्या ठीक आणि मग पुन्हा तेच’ या लक्षणाचे हे मला सर्वाधिक वेळा आढळलेले कारण आहे.

हे कारण पडताळण्यासाठी कोणतेही नवे उपकरण लागत नाही. संशयित चिप वाचल्यावर ती जागची न हलवता लगेच दुसऱ्यांदा वाचावी आणि दोन्ही आलेख एकावर एक ठेवावेत. उजव्या टोकाला चढत जाणारी रेषा दोन्ही वाचनांत तंतोतंत तीच असेल आणि शेवटपर्यंत खाली वळत नसेल, तर तो तापलेल्या हीटरचा स्वतःचाच प्रकाश आहे. उजवीकडे उंचवटा असेल, तो दुसऱ्या वाचनात लहान झाला पण नाहीसा झाला नाही, तर ते खोल सापळ्यांतील उरलेले इलेक्ट्रॉन आहेत. आणि आलेखावर अनियमित, अणकुचीदार टोके असतील, ती दुसऱ्या वाचनात जागा बदलत किंवा गायब होत असतील, तर चिपेच्या पृष्ठभागावर बोटांचा तेलकटपणा, धूळ किंवा जळलेला कण आहे. यातील शेवटच्या प्रकारासाठी नायट्रोजनचा प्रवाहही तपासावा. नायट्रोजन कमी पडला की पृष्ठभागावरील ऑक्सिजनशी संबंधित खोटा प्रकाश वाढतो आणि कमी मात्रेच्या वाचनात तो ठळक दिसतो. चिपा धातूच्या टोकदार चिमट्याने उचलू नयेत. निर्वात चिमटा वापरावा, कारण ओरखडा पडलेली चिप पूर्वीइतका प्रकाश बाहेर देत नाही.

उरलेल्या संकेताचा आणखी एक छुपा मार्ग आहे. खोल सापळ्यांत अडकलेले इलेक्ट्रॉन अतिनील प्रकाशाने सुटतात आणि त्यांतील काही मुख्य शिखराच्या सापळ्यांत येऊन बसतात. म्हणजे न्यूट्रॉनचा जुना भार असलेली सहाशेची चिप नुसती ट्यूबलाइटखाली किंवा खिडकीजवळ उघडी राहिली, तरी तिच्या मुख्य शिखरात भर पडू शकते आणि आधीच्या वाचनाच्या आलेखात याचा मागमूसही नसतो. चिपा अपारदर्शक डब्यात ठेवण्याचा नियम याचसाठी आहे, आणि तो सातशेपेक्षा सहाशेच्या बाबतीत अधिक काटेकोरपणे पाळला जावा.

अणुभट्टीच्या औष्णिक, म्हणजे अतिमंद, न्यूट्रॉनच्या स्तंभात किंवा तशाच तीव्र झोतात वापरलेल्या चिपांच्या बाबतीत मात्र असा एक दोष असतो, की जो कोणत्याही अ‍ॅनिलिंगने सापळे रिकामे केले तरी परत येतो, कारण तो सापळ्यांत नसून स्फटिकातील पदार्थात असतो. प्रत्येक अभिक्रियेत तयार होणारा ट्रिटॉन म्हणजेच ट्रिटियमचे केंद्रक असते, आणि ते चिपेतच थांबते. ट्रिटियमचे अर्धायुष्य सुमारे १२.३ वर्षे असून त्यातून सरासरी ५.७ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचे बीटा कण निघतात. हा हिशेब एकदा हाताने करून पाहण्यासारखा आहे. चिपेचा एक चेहरा सुमारे ०.१ चौरस सेंटिमीटर आहे. त्यावर दर चौरस सेंटिमीटरला १०^१० औष्णिक न्यूट्रॉन पडले आणि ते जवळपास सगळे शोषले गेले, तर सुमारे १०^९ ट्रिटियम केंद्रके तयार होतात. त्यांची क्रियाशीलता १.८ बेकरेलच्या आसपास येते. चिपेचे वस्तुमान २४ मिलिग्रॅम धरले, तर तिला स्वतःच्याच पोटातून दररोज सुमारे ६ मायक्रोग्रे मात्रा मिळते, म्हणजे महिन्याला जवळपास ०.१८ मिलिग्रे. प्रवाह शंभर पट असेल, तर हाच आकडा दिवसाला ०.६ मिलिग्रेच्या घरात जातो. अशी चिप कोरी करून शिशाच्या जाड पेटीत ठेवली तरी आठवड्याने तिच्यावर मात्रा दिसते. शोधण्याची रीत सरळ आहे: संशयित सहाशे आणि तीव्र झोत कधीही न पाहिलेली सहाशे एकत्र अ‍ॅनील करून एकाच पेटीत दोन आठवडे ठेवाव्यात आणि वाचाव्यात. फरक दिवसांच्या प्रमाणात वाढत असेल, तर ती चिप कमी मात्रेच्या कामातून कायमची बाजूला काढावी. गुणक लावून तिला वाचवण्याचा प्रयत्न करू नये. तीव्र झोतासाठी आणि दैनंदिन व्यक्तिगत मात्रेसाठी चिपांचे संच मुळातच वेगळे ठेवणे हा यावरचा खरा उपाय आहे, आणि त्याला पर्याय मला माहीत नाही.

शुद्ध गॅमाची कसोटी पार झाली, उरलेला संकेत नाही, ट्रिटियम नाही, तरीही न्यूट्रॉनचे आकडे जुळत नसतील, तर दोष मांडणीत शोधावा. ०.०२५ इलेक्ट्रॉनव्होल्टच्या न्यूट्रॉनसाठी लिथियम-६ चा शोषण-छेद (न्यूट्रॉन शोषला जाण्याच्या शक्यतेचे माप) सुमारे ९४० बार्न आहे. टीएलडी-६०० च्या घनतेला याचा अर्थ असा, की औष्णिक न्यूट्रॉन सरासरी ०.१८ मिलिमीटर जाताच शोषला जातो. ०.८९ मिलिमीटरच्या चिपेचा फक्त पृष्ठभागालगतचा थर काम करतो आणि आतला बहुतांश भाग न्यूट्रॉनसाठी सावलीत असतो. दोन सहाशे एकमेकींवर ठेवल्या, तर समोरून येणाऱ्या झोतातील एक टक्काही न्यूट्रॉन खालच्या चिपेपर्यंत पोहोचत नाहीत. त्यांची सरासरी घेण्याला काही अर्थ उरत नाही. अचूकता वाढावी म्हणून धारकात दोनऐवजी तीन-चार सहाशे दाटीवाटीने बसवल्यावर न्यूट्रॉनचा आकडा घटलेला मी पाहिला आहे. चिपा एकमेकींपासून दूर, एकाच पातळीत मांडल्यावर तो परत आला.

औष्णिक न्यूट्रॉन अडवण्यासाठी कॅडमियमची पट्टी वापरली जाते, तिथेही एक खाच आहे. कॅडमियम न्यूट्रॉन शोषताना ५५८ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टचा गॅमा सोडते, आणि तो पट्टीला चिकटून असलेल्या दोन्ही चिपांना मिळतो. कॅडमियमच्या आत सहाशे आणि बाहेर सातशे ठेवून वजाबाकी केली, तर हा जास्तीचा गॅमा न्यूट्रॉन म्हणून मोजला जातो. प्रत्येक आवरणाच्या आत पूर्ण जोडी असलीच पाहिजे. बोरॉनच्या आवरणातूनही ४७८ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टचा गॅमा निघतो, तेव्हा तिथेही हेच लागू आहे. याउलट, जिथे न्यूट्रॉन प्रचंड आणि गॅमा अल्प आहे, तिथे सातशेमधील लिथियम-६ चा अंशमात्र उरलेला वाटाही दुर्लक्षित करता येत नाही, आणि ‘शुद्ध गॅमा’ म्हणून घेतलेले तिचे वाचन प्रत्यक्षात फुगलेले असते.

मात्रा मोठी असेल तेव्हा वजाबाकीपूर्वी आणखी एक दुरुस्ती आवश्यक असते. सुमारे १ ग्रेच्या वर या पदार्थाचा गॅमा प्रतिसाद मात्रेपेक्षा अधिक वेगाने वाढू लागतो, तर अल्फा-ट्रिटॉनच्या संकेताची वाढ तशी होत नाही. म्हणून दोन्ही वाचने आधी रेषीय करून मगच वजा करावीत. वजाबाकीच्या उत्तराला नंतर दुरुस्ती लावणे चूक आहे.

आता त्या चुकीकडे येतो, जी प्रयोगशाळेत कधीच सापडत नाही. चिपांची जोडी निर्दोष असली, तरी तिच्या फरकातून मिळतो तो ‘गॅमाच्या एककात मोजलेला न्यूट्रॉनचा प्रकाश’. तो न्यूट्रॉनची मात्रा नाही. शरीरावर घातलेल्या अल्बेडो मात्रामापकात शरीरातून मंदावून परतलेले न्यूट्रॉन मोजले जातात, आणि त्याचा प्रतिसाद न्यूट्रॉनच्या ऊर्जेनुसार दहा पटींहून अधिक बदलतो. उघड्या कॅलिफोर्नियम-२५२ स्रोताची सरासरी ऊर्जा सुमारे २.१ दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्ट असते, अमेरिसियम-बेरिलियमची त्याच्या सुमारे दुप्पट, तर जड पाण्याने मंदावलेल्या कॅलिफोर्नियमची बरीच कमी. उघड्या स्रोतावर काढलेला गुणक काँक्रीटच्या भिंतींनी मंदावलेल्या खोलीत वापरला, तर मात्रा कित्येक पट जास्त दिसते. एकाच संचातील जोड्या एका विभागात नेहमी ‘जास्त’ आणि दुसऱ्यात नेहमी ‘कमी’ दाखवत असतील, तर चिपा तपासण्यात वेळ घालवू नये. त्या जागेचा क्षेत्र-गुणक तिथल्या न्यूट्रॉन-वर्णपटावरून किंवा मंदक-गोलाच्या (न्यूट्रॉन मंदावणाऱ्या गोलात ठेवलेल्या शोधकाच्या) मोजमापाशी ताडून ठरवावा. मात्रामापक छातीला चिकटून आहे की सैल लोंबकळतो आहे, हेही पाहावे, कारण अंतर वाढले की परतणारे न्यूट्रॉन घटतात आणि गुणक निरर्थक होतो.

कमी ऊर्जेच्या क्ष-किरणांचा प्रश्न तुलनेने सोपा आहे. लिथियम फ्लोराइडचा परिणामी अणुक्रमांक ८.२ असून ऊतीच्या ७.४ च्या जवळ आहे, तरी ३० ते ४० किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास तो सुमारे ३० ते ४० टक्के जास्त दाखवतो. दोन्ही चिपा सारख्याच प्रमाणात जास्त दाखवत असल्याने वजाबाकीत ही चूक बहुतांशी कटते, गॅमाच्या आकड्यात मात्र राहते. कॅल्शियम सल्फेटमध्ये हाच फुगवटा सुमारे दहा पट असतो, म्हणून त्याला धातूच्या गाळण्यांशिवाय मिश्र क्षेत्रात वापरू नये. बीटा असतील, तर ०.८९ मिलिमीटरची चिप ०.०७ मिलिमीटर खोलीच्या त्वचा-मात्रेसाठी जाडच पडते आणि तिथे पातळ शोधकच हवा.

दोषाला कंटाळून पदार्थच बदलण्याचा विचार अनेकांच्या मनात येतो. मॅग्नेशियम, तांबे आणि फॉस्फरस मिसळलेले लिथियम फ्लोराइड गॅमासाठी कितीतरी पट संवेदनशील आहे आणि फोटॉनच्या ऊर्जेवर त्याचे अवलंबन कमी आहे. अल्फा-ट्रिटॉनसाठी त्याची कार्यक्षमता मात्र तुलनेने घटते, म्हणजे जोडीतील न्यूट्रॉनचा वाटा आणखी झाकोळतो. शिवाय ते २४० अंशांच्या वर तापवले की संवेदनशीलता गमावते, आणि त्यातील उरलेला संकेत पुसणे अधिकच कठीण जाते. ज्याच्या तक्रारीचे मूळ उरलेल्या संकेतात आहे, त्याने हा बदल करू नये.

एवढा सगळा तपास करूनही एखादी जोडी ऋण फरक देत राहिली, तर तो आकडा नोंदवहीत ऋणच लिहावा आणि शेजारी अनिश्चितता द्यावी. ऋणाच्या जागी शून्य लिहिण्याची सवय लागली, की संचाची सरासरी वर सरकते आणि वर सांगितलेला ठरावीक जोड्यांचा कल पुढच्या वेळी कोणालाच दिसत नाही. अहवालात ‘शोध-मर्यादेखाली’ असे लिहिता येईल. नोंदवहीत मात्र मूळ वाचन, ग्लो कर्व्ह, अ‍ॅनिलिंगची तारीख, ट्रेमधील जागा आणि त्या चिपेने आजवर पाहिलेला एकूण न्यूट्रॉन प्रवाह, एवढ्या गोष्टी एका ओळीत असाव्यात.